पीक डोंगराचं, नाव बंदराचं

पोर्ट वाइनची द्राक्षं पोर्तो शहरात पिकत नाहीत. ती पिकतात शहरापासून शंभरेक किलोमीटर आत, दोरू नदीच्या दोन्ही काठांवरच्या डोंगरउतारांवर. ज्या लांबलचक वखारींमध्ये ही वाइन वर्षानुवर्षं मुरते, त्याही पोर्तोत नाहीत. त्या नदीपलीकडं, विला नोव्हा दे गाइया या वेगळ्या गावात आहेत. पोर्तोच्या वाट्याला आलं ते बंदर, व्यापाऱ्यांच्या पेढ्या आणि नाव. त्या नावावर तीन शतकं जगभर बाटल्या विकल्या गेल्या. आजही बहुतेक प्रवासी पोर्तोच्या धक्क्यावर एक पेला पितात, पुलाचा फोटो काढतात आणि परततात. मला ही वाइन थोडीफार कळली ती शहर मागं टाकून, नदीच्या उलट दिशेनं वर गेल्यावर. त्यामुळं लेखाची सुरुवात पोर्तोत असली तरी माझा जीव डोंगरात अडकलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पोर्तो मात्र घाईनं ओलांडावं असं शहर नाही. रिबैरा हा तिथला जुना नदीकाठ. ग्रॅनाइटच्या अरुंद, उंच घरांच्या रांगा एकमेकींच्या खांद्यावर चढल्यासारख्या टेकडीवर गेल्या आहेत. दर्शनी भिंतींना निळ्या-पिवळ्या फरशा, बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे, खाली कोळशावर भाजल्या जाणाऱ्या सार्डिनचा वास. १९९६ साली हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. समोर दों लुईश पूल दिसतो. तो १८८६ साली खुला झाला. गुस्ताव्ह आयफेलचा एकेकाळचा भागीदार तेओफिल सेरिग यानं तो आखला. लोखंडाच्या एकाच कमानीवर दोन मजले आहेत, खालून वाहनं जातात आणि वरून मेट्रो. दोन्ही मजल्यांवरून पायी जाता येतं. वरून गेलात तर शहर दिसतं, खालून गेलात तर नदीचा वेग दिसतो. मी दोन्ही करायला सांगेन.

याच पुलाजवळ, रिबैराच्या भिंतीत, एक काशाचं उठावचित्र बसवलेलं आहे. त्याच्यापुढं मेणबत्त्या जळत असतात. आजचा पूल व्हायच्या आधी इथं होड्या एकमेकींना बांधून केलेला तरता पूल होता. २९ मार्च १८०९ रोजी नेपोलियनचा सरदार सूल्त याच्या फौजा शहरात शिरल्या आणि भेदरलेली माणसं गाइयाकडं पळण्यासाठी त्या पुलावर लोटली. पूल तुटला. किती माणसं बुडाली याचे अंदाज हजारांत आहेत. दोन शतकं उलटली तरी पोर्तोची माणसं तिथं थांबतात, मेणबत्ती लावतात. मी उभा होतो तेव्हा एक आजीबाई बाजाराची पिशवी खाली ठेवून, क्रूस करून, पुन्हा पिशवी उचलून निघून गेल्या. त्यांच्या दृष्टीनं ते रोजचंच काम होतं.

पुढची गोष्ट मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. सहा आठवड्यांनी, १२ मे १८०९ रोजी, पोर्तो सोडवायला इंग्रजांची फौज गाइयाच्या काठावर आली. तिचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. याच माणसानं २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेसमोर केळणा नदी ओलांडली होती. समोरासमोरच्या काठांवर दोन गावं आहेत, म्हणजे मध्ये उतार असणारच, असा तर्क त्यानं तेव्हा केला होता आणि तो खरा ठरला. दोरूला असा उतार नाही. नदी खोल आहे आणि दोन्ही बाजूंना कडे आहेत. सूल्तनं पूल उडवला होता आणि होड्या आपल्या काठाला ओढून घेतल्या होत्या. पोर्तोचा एक न्हावी लहान होडीतून नदी पार करून आला आणि त्यानं खबर दिली की, वरच्या अंगाला वाइन वाहून नेणाऱ्या चार मोठ्या होड्या पहाऱ्याविना पडून आहेत. त्या गुपचूप अलीकडं आणल्या आणि एका खेपेत तीसेक असे शिपाई पलीकडच्या सेमिनरीत जाऊन बसले. सूल्तला कळेपर्यंत पुरेसे लोक पार झाले होते. त्याच दिवशी शहर मोकळं झालं. वेलस्लीनं ज्या जागेवरून हे पाहिलं, तो सेर्रा दो पिलारचा गोल मठ आजही गाइयाच्या कड्यावर उभा आहे. असई ही आपल्या इतिहासातली दुखरी जागा. त्या लढाईतला माणूस इथं सोडवणूक करणारा म्हणून भेटतो आणि तो पोर्तोत शिरतो तो वाइनच्या होड्यांतून. मठाच्या कठड्याशी मी बराच वेळ उभा होतो.

गाइयाचा उतार उत्तरेकडं तोंड करून आहे. समुद्र जवळ असल्यामुळं हवा दमट आणि थंड. वखारींची लाल कौलं नदीपासून वर चढत जातात आणि त्यांवर मोठमोठ्या अक्षरांत नावं लिहिलेली आहेत. टेलर १६९२ सालचं, सँडमन १७९० सालचं, ग्रॅहम १८२० सालचं. बहुतेक नावं इंग्रज किंवा स्कॉटिश. फेरेरासारखी पोर्तुगीज घराण्याची नावं त्या मानानं कमी. ग्रॅहम मूळचे ग्लासगोचे कापडवाले, त्यांचा व्यापार हिंदुस्थानातही पसरलेला होता. पोर्तोतल्या त्यांच्या शाखेनं एका बुडीत येण्यापोटी वाइनची २७ पिंपं स्वीकारली आणि तिथून हे घराणं वाइनमध्ये आलं.

वखारीत शिरलं की आधी वास येतो. ओलं लाकूड, मनुका, आणि हवेत मिसळलेला मद्याचा अंश. जमीन मुद्दाम ओली ठेवतात. काळपट पडलेली पिंपं आडवी, एकावर एक रचलेली. एका पिंपात ५५० लिटर. वर्षाला त्यातला थोडा भाग लाकडातून उडून जातो आणि उरलेलं घट्ट होत जातं.

इथं चव घेताना एक गोष्ट आधी समजून घ्यावी, म्हणजे पुढचा गोंधळ टळतो. पोर्टची दोन मोठी कुळं आहेत. एक लाकडात म्हातारं होणारं, दुसरं बाटलीत. टॉनी हे पहिलं कूळ. लहान पिंपांत हवेशी हळूहळू संबंध येत राहतो, लाल रंग जाऊन विटकरी, मग सोनेरी-तपकिरी छटा येते. लेबलवरचे १०, २०, ३०, ४० हे आकडे एका वर्षाचे नसतात. वेगवेगळ्या वर्षांच्या वाइन एकत्र करून त्या वयाला शोभेल असा स्वभाव साधलेला असतो. २०२२ पासून ५० वर्षांचाही वर्ग सुरू झाला. व्हिंटेज हे दुसरं कूळ. उत्तम वर्षाची निवडक वाइन दोनेक वर्षं लाकडात ठेवून बाटलीत भरतात आणि मग तिला दशकं द्यायची. अशी जुनी बाटली उघडताना बूच भुगा होऊन आत पडण्याची भीती असते, म्हणून लाल होईपर्यंत तापवलेल्या लोखंडी चिमट्यानं बाटलीचा गळा धरतात, मग त्यावर गार पाण्यात भिजवलेलं फडकं. टक असा बारीक आवाज होतो आणि काच सरळ रेषेत तुटते. ते काम करणाऱ्या माणसाचा हात किंचितही हलला नव्हता.

मला सर्वांत आवडली ती २० वर्षांची टॉनी. पहिल्या घोटाला गोड वाटते. मग अक्रोड, संत्र्याची वाळलेली साल, जर्दाळू असं एकेक उलगडत जातं, आणि गिळल्यावर आंबटपणा वर येतो, त्यामुळं गोडाचा कंटाळा येत नाही. सोबत खारे बदाम असले तर दुसरं काही नको. ती किंचित थंड हवी, हेही तिथंच कळलं. आपल्याकडं कुणी भेट आणलेली पोर्ट काचेच्या कपाटात उन्हाळाभर ठेवतात आणि मग चिमुकल्या ग्लासांत कोमट प्यायला देतात. त्यात वाइनचा दोष नसतो. व्हिंटेज त्या दिवशी मला समजली नाही असं नाही, पण ती तरुण होती, तुरट आणि दांडगी. तिला अजून वीस वर्षं हवीत, असं तिथल्या बाई म्हणाल्या, आणि ते त्यांनी एखाद्या नातवंडाबद्दल बोलावं तशा मायेनं सांगितलं.

वर जाणारी गाडी सांव बेंतो स्थानकातून निघते. स्थानकाच्या दालनात जोर्जे कोलासो यानं रंगवलेल्या सुमारे वीस हजार फरशा आहेत. त्यात १४१५ सालच्या सेउता मोहिमेचंही चित्र आहे. पोर्तोत जन्मलेला राजपुत्र हेन्री त्या मोहिमेत होता. पोर्तुगालच्या ज्या समुद्रस्वाऱ्या पुढं गोव्यापर्यंत पोचल्या, त्यांची सुरुवात तिथून मानतात. शहरात अशी आख्यायिका आहे की, त्या ताफ्यासाठी पोर्तोच्या लोकांनी सगळं मांस दिलं आणि स्वतःला आतडी-कोथळा ठेवला. आजही पोर्तोकरांना त्यावरूनच चिडवतात आणि पोर्तोकर ते अभिमानानं मिरवतात.

गाडीत उजव्या बाजूची खिडकी धरावी. पहिला तासभर नदी दिसतच नाही. मग एका वळणावर ती खाली येऊन रुळांना चिकटते आणि पुढं सोडत नाही. मरांव पर्वत ओलांडेपर्यंत सगळं हिरवं, ओलं. अटलांटिकचा पाऊस तो पर्वत अडवतो, आणि पलीकडं गेलं की रंगच पालटतो. रेगुआ गावानंतर दोन्ही बाजूंना टप्पेच टप्पे. डोंगराचा एकही उतार त्याच्या मूळ आकारात उरलेला नाही. खालपासून माथ्यापर्यंत चुन्याविना रचलेले दगडी गडगे आणि प्रत्येक गडग्यावर द्राक्षवेलींच्या एक किंवा दोन रांगा मावतील एवढीच जागा. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, हिवाळ्यात हाडं गोठतात. नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक, अशी तिथली म्हण आहे.

हे गडगे मी हात लावून पाहिले. दगड शिस्ट जातीचा, पाटीच्या दगडासारखा पापुद्र्यांचा. इथं माती अशी नव्हतीच. खडक फोडायचा, मोठ्या तुकड्यांची भिंत रचायची आणि भुगा तिच्यामागं भरायचा. तो भुगा म्हणजेच जमीन. वेलींची मुळं खडकाच्या उभ्या फटींतून कित्येक मीटर खाली ओलीच्या शोधात जातात. ही कामं पिढ्यान्‌पिढ्या केली ती इथल्या आणि उत्तरेकडून, गालिसियातून आलेल्या मजुरांनी. त्यांची नावं कुठल्याही कौलावर नाहीत. १८६० च्या दशकात आलेल्या फिलॉक्झेरा या मुळं खाणाऱ्या किडीनं बागा मेल्या. काही टप्पे पुन्हा कधीच लावले गेले नाहीत. झुडपांनी आणि ऑलिव्हच्या झाडांनी भरलेले ते गडगे आजही बागांच्या मधोमध दिसतात. २००१ साली युनेस्कोनं या खोऱ्याला वारशाचा दर्जा दिला तो वाइनच्या चवीसाठी नव्हे, माणसांनी घडवलेल्या या डोंगरांसाठी. मला तो निर्णय फार मोलाचा वाटतो.

पिन्यांव हे या खोऱ्याचं काळीज. स्थानकाच्या भिंतींवर १९३७ साली बसवलेली २४ फरशीचित्रं आहेत. तोडणी, टोपल्या, बैलगाड्या, होड्या. आता गाव पर्यटकांवर चालतं, पण सप्टेंबरमध्ये तोडणी सुरू झाली की इथल्या रस्त्यांवर अजूनही ट्रॅक्टरलाच मान असतो. उतार इतके उभे आहेत की बहुतेक ठिकाणी यंत्र चालत नाही. तोडणी कात्रीनं, हातानं. पूर्वी डोंगरापलीकडच्या गावांतून तोडणीवाल्यांच्या टोळ्या पायी यायच्या. बाया घड तोडायच्या आणि पुरुष भरलेल्या टोपल्या पाठीवर घेऊन गडग्यांच्या पायऱ्यांवरून उतरायचे. आता टोळ्या व्हॅनमधून येतात आणि त्यांत तरुण कमी असतात. पोरं फ्रान्सला, स्वित्झर्लंडला गेली.

द्राक्षबागेच्या वाड्याला तिथं किंता म्हणतात. अशा एका लहान किंतात संध्याकाळी द्राक्षं तुडवताना पाहायला मिळाली. ग्रॅनाइटचा चौकोनी हौद, मांडीपर्यंत भरलेला. सुरुवातीला सगळे एका रांगेत, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून उभे राहतात. एक जण आवाज देतो, डावा, उजवा, आणि रांग इंच-इंच पुढं सरकते. गुडघा वर, पाय खाली, पुन्हा गुडघा वर. हसणं-बोलणं नाही. दोनेक तास हेच. या भागाला ‘कोर्ते’ म्हणतात. मग कुणीतरी अकॉर्डियन काढतं, रांग मोडते आणि ज्याला जसं हवं तसं नाचायला मोकळीक मिळते. पाहणाऱ्यांना हा नाच आवडतो, खरं काम मात्र आधीच्या दोन तासांत झालेलं असतं. पायानं तुडवण्यामागचं कारण साधं आहे. तळपाय सालींतून रंग आणि तुरटपणा काढतो, पण बिया फोडत नाही. बी फुटली की कडूपणा येतो. आज पायांसारखी हालचाल करणारी यंत्रं आहेत आणि चांगल्या कंपन्या ती वापरतात. तरी उत्तम व्हिंटेजसाठी अजून माणसं हौदात उतरतात.

यानंतरचा क्षण पोर्टला पोर्ट बनवतो. रस आंबायला लागतो, यीस्ट साखरेचं मद्य करत सुटतं. दोन-तीन दिवसांत निम्मी साखर संपते. नेमक्या त्या वेळी रस उपसून त्यात द्राक्षांचंच ७७ टक्के तीव्रतेचं मद्य घालतात. ४३५ लिटर रसाला ११५ लिटर, मिळून एक पिंप. यीस्ट मरतं, आंबणं थांबतं, उरलेली साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट गोड असते आणि १९ ते २२ टक्क्यांची असूनही घशाला लागत नाही. उशीर झाला तर गोडी गेली, घाई केली तर रंग आला नाही. किंताच्या मालकीणबाई रात्रीतून दोनदा उठून हौदाशी येत होत्या. काचेची नळी रसात सोडून साखर मोजायची, नाकानं वास घ्यायचा, आणि मला वाटतं त्या वासावरच जास्त विसंबून होत्या.

वाइन तयार झाली, पण ती समुद्राकडं न्यायची कशी, हा इथला शेकडो वर्षांचा प्रश्न होता. रस्ते नव्हते. नदी होती, आणि ती नदी आजच्यासारखी संथ नव्हती. खडक, धबधबे, भोवरे. तिच्यासाठी राबेलो नावाची होडी घडली. सपाट बूड, एकच चौकोनी शीड, आणि सुकाणू म्हणून मागं लांबच लांब वल्हं. तांडेल पिंपांच्याही वर बांधलेल्या माचीवर उभा राहायचा, म्हणजे त्याला पुढचं पाणी दिसावं. हिवाळा संपता संपता पाणी चढलेलं असताना खाली जायचं. परतताना वारा नसेल तर काठावरून बैलांनी आणि माणसांनी दोर लावून ओढायचं. वालैराच्या घळीत तर खडकांनी नदीच अडवली होती. अठराव्या शतकाच्या शेवटी सुरुंग लावून ती वाट मोकळी केली, तरी ती जागा जीवघेणीच राहिली.

तिथंच १२ मे १८६१ रोजी जोसेफ जेम्स फॉरेस्टर बुडाला. हा इंग्रज व्यापारी १८३१ साली पोर्तोत आला आणि इतर व्यापाऱ्यांसारखा शहरात बसून राहिला नाही. नदी होडीतून फिरला आणि तिचा तपशीलवार नकाशा स्वतः काढला. पोर्तुगालनं त्याला बॅरन केलं. १८४४ साली त्यानं पुस्तिका छापून आपल्याच बिरादरीवर टीका केली. वाइनला रंग येण्यासाठी एल्डरबेरीचा रस मिसळणं आणि भरमसाट मद्य ओतणं त्याला मान्य नव्हतं. मद्याच्या बाबतीत काळानं त्याला हरवलं. आज आपण पितो ती पोर्ट त्याला नको असलेलीच आहे. बुडाला त्या दिवशी होडीत दोना अंतोनिया फेरेराही होत्या. हजारो वेली लावणारी, फिलॉक्झेराच्या काळातही उभी राहिलेली ही विधवा खोऱ्यात अजून आदरानं आठवली जाते. लोक सांगतात की, तिच्या घेरदार झग्यानं तिला तरंगत ठेवलं आणि फॉरेस्टरच्या कमरेच्या पैशांच्या पट्ट्यानं त्याला तळाला नेलं. खरंखोटं कोण पाहणार, पण प्रत्येक होडीवाला ती गोष्ट सांगतो.

रेल्वे १८८० साली पिन्यांवला पोचली आणि होड्यांचं काम घटत गेलं. मग १९७० आणि ८० च्या दशकांत पोर्तुगालच्या हद्दीत नदीवर पाच धरणं झाली. आज पर्यटकांची मोठी जहाजं जलपाशांतून पायरी-पायरीनं वर चढतात. कार्रापातेलोच्या पाशात तर एका वेळी ३५ मीटर. ओल्या, काळ्या भिंतींच्या मध्ये जहाज उचललं जातं आणि वर आल्यावर समोर तळ्यासारखं पाणी. वालैराच्या खडकांवरूनही आता हाती पेला घेऊन जाता येतं. धरणांनी माणसं बुडणं थांबवलं, याचं मोल मोठं आहे. तरी ज्या पाण्याशी झगडून ही वाइन शहरात पोचत होती, ते पाणी आज पाहता येत नाही, याची मला हळहळ वाटली. राबेलो आता गाइयाच्या धक्क्याला कंपन्यांच्या नावाची शिडं लावून उभ्या असतात आणि २४ जूनला, सांव जुआंवच्या सणाला, त्यांची शर्यत होते.

ही वाइन इंग्रजांची कशी झाली, तेही इथंच सांगायला हवं. फ्रान्सशी युद्धं चालू असल्यामुळं इंग्लंडला फ्रेंच वाइन नको होती. १७०३ च्या मेथ्युएन करारानं पोर्तुगीज वाइनवरची जकात फ्रेंच वाइनच्या मानानं एक तृतीयांश कमी झाली आणि बदल्यात इंग्रजी लोकरी कापडाला पोर्तुगालचा बाजार खुला झाला. मागणी वाढली, तशी भेसळही वाढली आणि भाव कोसळले. मग पुढं आला पोर्तुगालचा प्रधान मार्केस दे पोंबाल. गोव्याचा इतिहास वाचणाऱ्यांना हे नाव ठाऊक असतं. त्याच्या काळात जेझुइटांना पोर्तुगीज साम्राज्यातून हाकललं गेलं आणि १७७४ साली गोव्यातलं इन्क्विझिशन बंद झालं, जरी ते पुढं काही वर्षांनी पुन्हा सुरू झालं. याच पोंबालनं १७५६ साली दोरूच्या वाइनसाठी सरकारी कंपनी काढली, कुठल्या उतारावरची वाइन निर्यातीला जाईल हे ठरवलं, हद्दीवर ग्रॅनाइटचे खांब रोवले आणि एल्डरबेरीची झाडं उपटायला लावली. कायद्यानं आखलेल्या जगातल्या सुरुवातीच्या वाइन-प्रदेशांत हा एक. पोर्तोच्या गुत्तेवाल्यांनी आणि सामान्य लोकांनी १७५७ साली कंपनीविरुद्ध दंगा केला, तेव्हा त्यानं फाशीच्या शिक्षा दिल्या. ते खांब काही बागांत अजून उभे आहेत. त्यांच्याकडं पाहताना शिस्त आणि जुलूम दोन्ही एकाच दगडात दिसतात.

गोव्यात पोर्तुगीज आले, राहिले, आणि त्यांच्याबरोबर ही वाइनही आली. नाताळला, लग्नाच्या टोस्टला गोव्याच्या ख्रिस्ती घरांत पोर्ट लागतेच. आपल्याकडचे पर्यटक गोव्याहून ‘पोर्ट वाइन’ म्हणून जी गोड, लाल, स्वस्त बाटली आणतात, तिचा मात्र दोरूच्या डोंगराशी संबंध नाही. ‘पोर्तो’ आणि ‘दोरू’ ही नावं भारताच्या भौगोलिक निर्देशांकांच्या नोंदवहीतही पोर्तुगालची म्हणून नोंदलेली आहेत. ज्यांनी फक्त ती गोव्याची बाटली चाखली आहे, त्यांनी पोर्टबद्दल मत बनवू नये, एवढी कळकळीची विनंती.

किंताच्या मालकीणबाईंशी दुसऱ्या दिवशी सकाळी बोलणं झालं. त्यांच्या मुलानं इंग्रजीत समजावून दिलं. खोऱ्यातल्या प्रत्येक बागेला उंची, उतार, दगड, वेलींचं वय अशा गोष्टींवर गुण देऊन ए ते एफ असा दर्जा ठरलेला आहे. त्यानुसार दरवर्षी सरकारी संस्था सांगते की, कुणी किती पिंपं पोर्ट करायची. उरलेली द्राक्षं साध्या वाइनला, म्हणजे बरीच स्वस्त. जगात गोड, कडक वाइन पिणारे कमी होत चालले आहेत, म्हणून हा कोटाही उतरतो आहे. २०२३ साली पूर्ण प्रदेशाला १ लाख ४ हजार पिंपं, २०२४ साली ९० हजार, २०२५ साली ७५ हजार. मोठ्या कंपन्या तग धरतील. पण खोऱ्यात हजारो शेतकरी असे आहेत की, ज्यांच्याकडं दोन-चार एकर आणि पडायला आलेले गडगे आहेत. एक गडगा ढासळला तर तो पुन्हा रचणारा कारागीर मिळत नाही, आणि मिळाला तर त्याची मजुरी द्राक्षांतून निघत नाही. बागाईतदारांची एक मागणी अशी आहे की, पोर्टमध्ये घालायचं मद्य बाहेरून न आणता याच खोऱ्यातल्या द्राक्षांपासून काढावं, म्हणजे न विकलेल्या मालाला गिऱ्हाईक मिळेल. मला ती मागणी रास्त वाटते. द्राक्षाच्या भावासाठी नाशिक-सांगलीत काय चालतं हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना बाईंच्या बोलण्यातला त्रागा समजावून सांगावा लागणार नाही.

एक बदल मात्र चांगला झाला आहे. १९८६ सालापर्यंत नियम असा होता की, निर्यातीची पोर्ट गाइयाच्या वखारीतूनच गेली पाहिजे. म्हणजे डोंगरातल्या शेतकऱ्यानं स्वतःच्या नावानं बाटली परदेशी पाठवायची म्हटलं तरी वाट नव्हती. तो नियम गेला, आणि त्यानंतर लहान किंता स्वतःची पोर्ट स्वतः भरू लागल्या. पिन्यांव, रेगुआ आणि आसपासच्या गावांत अशा कितीतरी आहेत. आधी फोन करून गेलं तर घरातलंच कुणी बाग दाखवतं, हौद दाखवतं, टेबलावर चीज, बदाम आणि तीन-चार पेले मांडतं. गाइयातल्या झगमगाटाच्या दालनांपेक्षा इथं वेळ जास्त मिळतो, आणि प्रश्न विचारले की उत्तरं पाठ केलेली नसतात. दोरूला जाणाऱ्यांनी पोर्तोत दोन रात्री कमी करून त्या वर खोऱ्यात काढाव्यात. बाटली घ्यायची असेल तर तिथंच घ्यावी. गळ्यावर सरकारी संस्थेची कागदी पट्टी असते, तेवढी पाहून घ्यायची, आणि पैसे ज्याच्या हातात देता त्यानंच बहुधा ती द्राक्षं तोडलेली असतात.